बाबांचे रत्नागिरीतले दोन दिवस

सोलापूर
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. चैतालीस,
जयभीम आन् आशीर्वाद.

आदी कामाचं सांगतो, खुशाली मागनं. मी रत्नागिरीला येणार हाय. इचारत न्हाय, सांगतोय.

मला पंच्याहत्तर सरली. आता येष्टीला तिकीट पडत न्हाय. शेजारचा चनमल्लप्पा, मिलमदला माझा जोडीदार, तो म्हणला, "धर्मपाल, गाडी फुकाट हाय तर माझ्यासंगं अक्कलकोटला तरी चल की." मी म्हणलं, फुकाटच जायचं तर अक्कलकोट कशाला, पार समुद्रापातुर जाईन. जन्मात मोटं पाणी म्हणून उजनीचं तेवडं बगितलंय. आन् तितं थिबा राजाचा वाडा हाय म्हणं. ब्रह्मदेशाचा राजा, आपल्याच धम्माचा, इंग्रजानं मुलखाभाईर आणून टाकल्याला. तो वाडा बगायचा हाय.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार-रविवार धरलाय. शनिवारी तुझी सकाळची शाळा, मग मोकळीच की तू. रत्नदीपला म्हणावं, कंपनीत सुट्टी टाक. तुझी नोकरी तितं लागली म्हणून पोरगा हितलं सोडून तुझ्यामागं आला, त्याचं मला लई कौतिक हाय. पन वरीस झालं, त्याच्या हातची एक ओळ न्हाय. बाप जित्ता हाय म्हणावं अजून.

छातीत स्प्रिंग टाकल्यापासनं डाक्टर एकच पाडा म्हणतो, ताण नको, धक्का नको. समुद्र बगून कुटं धक्का बसतो व्हय?

फोन करू नको. मागाच्या खडखडाटानं कान गेले ते गेले, फोनात निस्ती घरघर ऐकू येती. कागदच पाठव. तुझ्यासाठी शेंगाची चटणी आन् कडक भाकरी आणतो.

तुझा बाबा,
धर्मपाल

*

रत्नागिरी
१८ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
चैतालीचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र दारातच उभी राहून वाचलं, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. खूप हसले. मग जरा काळजी वाटली. बाबा, आंबा घाट फार वळणावळणाचा आहे, भल्याभल्यांना उलट्या होतात. इथली हवा दमट, तुम्हाला सोसणार नाही. आमच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यांची कंपनी तर रविवारीही बोलावते. त्यापेक्षा मे महिन्यात मीच सोलापूरला येते, चांगली महिनाभर राहते, असं मनात आलं.

हे एवढं लिहिलं आणि परत वाचलं. माझे सासरे पहिल्यांदा माझ्या घरी येतो म्हणतायत आणि मी त्यांना येऊ नका म्हणतेय. माझी मलाच लाज वाटली. या बाबा. नक्की या. स्टँडवर आम्ही दोघं घ्यायला येतो.

हे बरे आहेत. तुम्हाला जयभीम सांगितलाय. औषधाच्या गोळ्या विसरू नका.

तुमची,
चैताली

*

रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

रत्नदीप,

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद, तुझ्या पुण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर. घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाही.

बाबा येतायत. आठ आणि नऊ फेब्रुवारी. त्यांना अजून वाटतं की तू माझ्याबरोबर इथे राहतोस. तू सोडून गेल्यापासून प्रत्येक पत्रात मी 'हे बरे आहेत' असं लिहितेय. तू त्यांना सांगितलं नाहीस, मलाही सांगवलं नाही. आता दोन दिवसांसाठी ये. दोन शर्ट खुंटीला अडकव, दाढीचं सामान न्हाणीघरात ठेव आणि त्यांच्यासमोर मला नावानं हाक मार, बास. तुझ्या त्या पायलला काय सांगायचं ते तू बघ.

सहीचं पुन्हा पुन्हा विचारू नकोस. बाबा आहेत तोवर मी घटस्फोटाच्या कागदावर सही करणार नाही. त्यांना धक्का बसता कामा नये, हे डॉक्टर म्हणाले तेव्हा तूही तिथे होतास. माझे वडील मी चौथीत असताना गेले. मला वडील म्हणून हेच आहेत. नवरा गेला तो गेला, हे मला घालवायचे नाहीत.

मोठ्यानं बोलल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही, तेवढं एक बरं आहे. कुजबुजावं तरी लागणार नाही.

चैताली

*

पुणे
२५ जानेवारी २०२५

चैताली,

येतो. शुक्रवारी संध्याकाळी पोचेन, रविवारी त्यांना गाडीत बसवलं की लगेच निघणार. सहीचं तिथेच समोरासमोर बोलू. बाबांच्या पुढ्यात बोललो तरी त्यांना काय कळतंय.

तू मला नालायक समजतेस, समज. पण मी कुणाला फसवायला निघालो नव्हतो. ते गाव, ती वसुलीची नोकरी, दिवसभर अंगाला चिकटणारा घाम, मला काहीच झेपलं नाही. पायल भेटायच्या आधीपासूनच झेपत नव्हतं. ते तुला सांगायला हवं होतं.

रत्नदीप

*

सोलापूर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चैतालीस,
जयभीम.

सुखरूप पोचलो. घाटात गाडी दोनदा थांबली, एकदा टायरसाठी आन् एकदा माझ्यासाठी. चनमल्लप्पाला सगळं सांगून झालं, आता तुला सांगतो. तू संगं हुतीस खरी, पन माझ्या डोळ्यानं कुटं बगितलंस?

समुद्र बगून आदी भ्याच वाटलं. येवडं पाणी आन् कुणाच्याच रानाला न्हाय! मिरकरवाड्याला ती मासळीवाली माझ्यावर वरडत हुती, मी निस्ता हसत ऱ्हायलो, तर तिनं दोन बांगडे जास्तीचे टाकले. भयरं असल्याचा येवडा फायदा मला कवा झाला न्हवता. तुझ्या हातचं कालवण मातुर झ्याक झालतं. सोलापूरची पोरगी मासं शिजवाय लागली, काय म्हणावं!

थिबा राजाच्या वाड्यात मातुर माझं मन लागंना. येवडा मोटा वाडा, येवड्या खिडक्या, आन् मानूस आत कोंडल्याला. रोज समुद्र बगायचा आन् आपल्या मुलखाला जायचं न्हाय. तितंच मेला बिचारा. मी हात जोडले तवा तुझ्या डोळ्याला पाणी आल्तं. तू म्हणालीस धूळ गेली. असंल.

रत्नदीपनं मला टोपी घेऊन दिली. भाट्याला समुद्रावर शहाळं आणलं ते आदी तुझ्या हातात दिलं, मग माझ्या, मग सवता घेतलं. बरं वाटलं. पन काय गं, पोराला सवताच्या घरात साखरंचा डबा कुटं हाय ते ठावं न्हाय? सारी फडताळं उगडून बगितली की त्यानं! बायकूला येवडं राबवतो का?

आपल्या तिघांचा तितला फोटू कागदावर काढून पाठव. चनमल्लप्पाचा इश्वास बसत न्हाय की मी गुडघाभर पाण्यात उतरलो.

तुझा बाबा,
धर्मपाल

*

रत्नागिरी
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
सविनय जयभीम.

साखरेच्या डब्यावरून मी यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, बाबांनी बघितलं बरं का, आता तरी स्वयंपाकघरात पाऊल टाका. तर काल खरंच चहा केला. साखर इतकी घातली की प्यायलाच होईना!

फोटो सोबत पाठवतेय. एक मोठा करून मी भिंतीवर लावलाय. तुम्ही टोपी काय ऐटीत घातलीय! हे म्हणाले, बाबांना इतकं हसताना मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

तुमच्या चटणीवरून आमची रोज भांडणं चाललीयत. यांना ती नुसती खायची असते, मला दह्यात कालवून. अर्धा डबा यांनी एकट्यानंच संपवला. पुढच्या खेपेला दोन डबे आणा. पाऊस संपला की लगेच या, गणपतीपुळ्याकडे जाऊ, जाताना रस्त्याला लागूनच समुद्र आहे.

तुमची,
चैताली

*

सोलापूर
२ मार्च २०२५

चैताली पोरी,

तुझं पत्र उशाला घेऊन बसलोय. लिवाय बसतो आन् उठतो. चटणीवरनं तुमची रोजची भांडणं वाचली आन् मला आवरंना झालं. बास कर आता. किती दमवशील सवताला?

मला ठावं हाय. त्या रविवारपासनं ठावं हाय.

तुला एक सांगतो जे मी रत्नदीपला बी कवा सांगितलं न्हाय. मिलमदी आमी शेकडो मागांच्या आवाजात काम करायचो. तितं वरडून उपेग न्हाय. आमी सारे ओठांवर बोलायचो. रत्नदीपची आई, विठाबाई, शेडाच्या दुसऱ्या टोकाला सुताच्या कांड्या भरायची आन् मी हिकडनं तिला इचारायचो, जेवलीस का, पोराचा ताप उतरला का. ती तितनं सांगायची. आमचा निम्मा संसार असाच झाला. कान गेल्यावर मला काय मोटा फरक पडला न्हाय. मानूस फुडं असला, तोंड दिसलं, की मला कळतं. रत्नदीपला वाटतं तो मोट्यानं बोलतो म्हणून कळतं. मला त्याची गंमत वाटायची, म्हणून मी सांगितलं न्हाय. विठा बी हसायची आन् गप बसायची.

भाट्याला मी सुरूच्या झाडाखाली बसलो हुतो. तुमी दोघं खाली वाळूत उभे. तुझी माझ्याकडं पाठ, त्याचं तोंड माझ्याकडं. मी काय मुद्दाम बगत न्हवतो. पोराचं तोंड बगत हुतो, किती दिसांनी बगाय मिळालं म्हणून. तो म्हणला, सही कर. म्हणला, पायलच्या घरचे आता थांबाय तयार न्हाईत. मग म्हणला, "बाबा आहेत तोवर, बाबा आहेत तोवर! म्हणजे त्यांच्या मरणाची वाट बघत बसायचं का मी?"

तू काय म्हणालीस ते मला दिसलं न्हाय. तुझी मान हलली तेवडी दिसली.

मग तुमी दोघं हसत माझ्याकडं आला. त्यानं शहाळं आणलं. मी पेलो आन् गोड हाय म्हणालो. दुसरं काय बोलणार हुतो? तुमी दोघांनी माझ्यासाठी येवडं सोंग काडल्यालं, ते मोडायला माझा जीव झाला न्हाय. फोटूला बी हसलो. मागच्या कागदात बी हसलो.

छातीला काय झालं न्हाय. धडधडली आन् ऱ्हायली. डाक्टर उगंच घाबरवतो.

पोराचा राग आला का म्हणशील तर आला. लई आला. त्याला मी खांद्यावर बसवून मिलच्या गेटापातुर न्यायचो. पन पोरी, म्हाताऱ्याच्या मरणावर कुणाचं काय अडकून पडावं, हे बी बरं न्हवं. माझी ढाल करून तू तितं उभी ऱ्हावू नको. सही करून टाक. मला काय हुत न्हाय.

एकच इचारतो. तू त्याला काय म्हणालीस? न्हाय सांगितलंस तरी चालंल.

तुझा बाबा,
धर्मपाल

*

रत्नागिरी
१६ मार्च २०२५

बाबा,

मी "हो" म्हणाले.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. तो म्हणाला, मरणाची वाट बघत बसायचं का, आणि मी म्हणाले, हो, बस. त्याला झोंबावं म्हणून. तुम्ही जाल असा विचार त्या क्षणी माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. पण तुम्ही मागे झाडाखाली बसलेले, नवी टोपी घालून, आणि मी तुमचं मरण हातात घेऊन त्याच्याशी भांडत होते. हे तुमचं पत्र वाचल्यावर समजलं. देवाधर्माचं आपल्यात काही नाही, नाहीतर कुठेतरी जाऊन नाक घासलं असतं. कुणापुढे घासू? तुमच्यापुढेच घासते.

आता त्यालाही न सांगितलेलं सांगते. तुम्हाला धक्का बसेल हे माझं निमित्त होतं. मी थांबले ती माझ्यासाठी. सही केली की तुम्ही माझे कोण? सासरे नाही, वडील नाही, पत्रावर काय म्हणून लिहायचं? नवऱ्याशिवाय राहायची सवय झालीय मला. डबा करते, शाळेत जाते, मुलांना पाढे शिकवते, परत येते. पण तुमचं पत्र आलं नाही की आठवडा जात नाही.

आणि एक. तुम्ही हसाल. ते दोन दिवस मला खरे वाटले. शनिवारी सकाळी मी शाळेला निघाले, तुम्ही आंघोळीला गेला होता. दाखवायला कुणी नव्हतं. तरी हा दारात येऊन म्हणाला, "डबा घेतलास का?" बाबा, त्या एवढ्याशा वाक्यावर मी अख्खी शाळा काढली. मुलं म्हणाली, बाई आज हसतायत. रविवारी भाट्याला जाताना रिक्षात माझा पदर त्याच्या हाताखाली अडकला होता, मी तो ओढून घेतला नाही. मला वाटत होतं, वाळूत उतरल्यावर तो म्हणेल, चैताली, मी राहतो. मी उत्तरसुद्धा ठरवून ठेवलं होतं, की लगेच हो म्हणायचं नाही, जरा वेळ घ्यायचा. तो म्हणाला, सही कर. किती मूर्ख असावं माणसानं!

काल सही केली आणि कागद पुण्याला पाठवले. तुम्ही सांगितलंत म्हणून. तुमच्या चटणीचा डबा तसाच आहे, उघडलासुद्धा नाही. ते सगळं मी खोटं लिहिलं होतं.

मला लेक म्हणून ठेवाल का? पत्रं लिहू ना?

चैताली

*

सोलापूर
२३ नोव्हेंबर २०२५

चैताली बाळ,
जयभीम.

तुझी मधली सगळी पत्रं मिळाली. त्यांची उत्तरं मी येळच्या येळी धाडली, ह्या एकालाच उशीर झाला. कोर्टाचं उरकलं हे तुझ्या कागदानं कळलं, आन् दुसऱ्याच दिशी रत्नदीप आला त्यानं बी सांगितलं. फुडल्या महिन्यात त्याचं लगीन हाय.

मी तुला एक कळवलं न्हवतं. दिवाळीच्या आगंमागं मी मोरीत पडलो. खुब्याला मार बसला. उजव्या डोळ्यानं दिसायचं बी लई कमी झालंय, माणसाचं तोंड आता जवळनंच कळतं. चनमल्लप्पाला त्याच्या पोरानं अक्कलकोटला नेलं. शेजारी आता वळकीचं कुणी न्हाय. रत्नदीप माझ्या पायाशी बसला आन् रडला. "बाबा, माझ्याकडं चला" म्हणला. भाट्याचं मी त्याला सांगितलं न्हाय. सांगणार बी न्हाय. त्याला आयुष्यभर ते घेऊन जगावं लागंल, आन् मला ते नको हाय. मी येतो म्हणालो. दुसरं कुटं जाणार?

पायल त्याच्यासंगं आल्ती. मी मनाशी ठरवलं हुतं की तिच्याशी बोलायचं न्हाय. तिला कुणी सांगितलं न्हवतं, तरी तिनं आपणहून पाटीयेवड्या अक्षरात कागदावर लिवलं, "चहा घेता का?" आन् माझ्याफुडं धरला. वाईट असती तर सोपं गेलं असतं. पोरगी चांगली हाय, चैताली. भिऊन भिऊन वागती. ती बी कुणाची तरी लेक हाय.

आता जे लिवायचं हाय त्याच्यासाठीच येवडे दिस गेले. तू इचारलं हुतंस, लेक म्हणून ठेवाल का. ठेवली की. त्याला कुणाची सही लागत न्हाय. पन मी आता पायलच्या घरात ऱ्हाणार. त्या घरात दर आठवड्याला तुझं पाकीट आलं तर ती उगडणार न्हाय, इचारणार न्हाय, निस्ती माझ्या हातात आणून दील आन् आत जाऊन बसंल. तुझ्यावर जे झालं ते मी तिच्या दारात नेऊन ठेवू का? मला न्हाय जमणार. तू बी तिच्या जागी असतीस तर मी तुझ्यासाठी हेच केलं असतं.

तू माझ्या नावानं एकटी ऱ्हावू नको. कुणी भला मानूस भेटला तर लगीन कर. मला कळवायची गरज न्हाय, मी झालं असंल असंच धरून चालीन. जेवत जा येळेवर. शाळंतल्या पोरांना मारू नको.

परवा खोली रिकामी करून पुण्याला जातोय. तितला पत्ता मला पाठ हाय, पन ह्या कागदावर लिवत न्हाय. तू तो कुणाला इचारू नको. तरी मिळवलास आन् पत्र धाडलंस, तर मी ते वाचीन, आन् वाचलं की मला उत्तर लिवल्याबगार ऱ्हावणार न्हाय.

तुझा बाबा,
धर्मपाल